खाली उरलेलं डांबर परत उकळलं तर अजून पेट्रोल निघंल का? (आठवीच्या पोरीचा प्रश्न)

जिंतूरचे_सर

नमस्कार मंडळी. मी जिंतूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर विज्ञान शिकवतो. परवा वर्गात कच्च्या तेलाचा टॉवर फळ्यावर काढला, वरून गॅस, मग पेट्रोल, रॉकेल, डिझेल अन एकदम खाली डांबर, नेहमीसारखं. तर मागच्या बाकावरची एक पोरगी उठली अन म्हणली, सर पेट्रोल एवढं महाग हाय तर मग खालचं डांबर परत टॉवरमधी टाकून परत कामून उकळत नाहीत, थोडंबहुत निघंलच की. मी म्हणलं निघालं असतं तर त्यांनी काढलंच असतं, बस खाली. पण घरी आल्यावर चैन पडंना. प्रश्न चांगला होता अन मी उत्तर दिलंच नाही, नुसतं गप्प बसवलं. तिला सोमवारी नीट सांगायचंय. नेटवर पाहिलं तर सगळं इंग्रजीत अन कंपन्यांच्या जाहिरातीसारखं. कुणी रिफायनरीत काम केलेलं असंल तर साध्या भाषेत सांगा, की त्या खालच्या मालाचं खरं काय करतात, अन त्यातून पेट्रोल होतं का नाही.

केजचा_ऑपरेटर

सर, मी केजचा. गुजरातमधी एका रिफायनरीत कोकर युनिटला (खालचा जड माल फोडायचं युनिट) आहे, आधी ५ वर्षं फील्डला, आता १३ वर्षं झाली पॅनेलवर. म्हणजे तुमच्या पोरीने जे विचारलं तेच माझं रोजचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो, नाइट ड्युटी करून आलोय तर चुकभूल समजून घ्या.

पहिली गोष्ट, ती म्हणती ते करतात. परत उकळतातच. पहिल्या टॉवरच्या आधी जो हीटर असतो त्यात क्रूड म्हणजे कच्चं तेल ३५०-३६० डिग्रीपर्यंत तापवतात, त्याच्या वर नेलं की तेल उकळायच्या ऐवजी ट्यूबमधीच फुटायला लागतं अन आतून काजळी धरती, म्हणून तिथं थांबावं लागतं. मग खाली जे राहिलं ते दुसऱ्या टॉवरला जातं, तिथं हवेचा दाब काढून टाकलेला असतो म्हणजे व्हॅक्यूम. दाब कमी असला की वस्तू कमी तापमानाला उकळते, घरच्या कुकरचं बरोबर उलटं. तिथं व्हॅक्यूम गॅसऑइल नावाचा, डिझेलहून जड माल वर निघतो अन तळाला जे राहतं त्याला आम्ही व्हीआर म्हणतो, व्हॅक्यूम रेसिड्यू. तुमच्या आकृतीतलं डांबर म्हणजे हेच, साध्या दाबाला उकळायचं म्हणलं तर ५४० डिग्रीच्या वर न्यावं लागंल असलं.

पण एवढं करून पण पेट्रोल निघत नाही, कारण त्यात पेट्रोल राहिलेलंच नसतं. हे पोरीला आधी सांगा, इथंच सगळ्यांची गफलत होते. उसाच्या चिपाडात रस उरतो अन परत पिळला की निघतो तसं हे नाही. पेट्रोलच्या रेणूत कार्बनचे अणू ४ ते १२, अन व्हीआरच्या रेणूत पन्नास-साठच्या पुढं, एकमेकात गुंतलेल्या कड्या, त्यात गंधक, त्यात निकेल अन व्हॅनेडियम पण. पेट्रोल काढायचं नसतं, हे रेणू फोडून बनवायचं असतं.

अन फोडताना हिशोब लागतो हायड्रोजनचा. १०० किलो व्हीआर घ्या, त्यात हायड्रोजन १० किलोच्या आसपास असतो, बाकी बहुतेक कार्बन. १०० किलो पेट्रोलमधी हायड्रोजन लागतो १३-१४ किलो. मग ते वरचे ३-४ किलो आणायचे कुठून? दोनच रस्ते आहेत, एक तर जास्तीचा कार्बन बाहेर काढून टाका म्हणजे उरलेल्यात हायड्रोजनचं प्रमाण आपोआप वाढतं, नाहीतर बाहेरून हायड्रोजन आणून घाला. जगातल्या सगळ्या रिफायनऱ्या ह्या दोन रस्त्यांवरच चालतात, नावं कितीही वेगळी असू द्या.

आमचा कोकर पहिल्या रस्त्याचा. व्हीआर हीटरमधून जवळजवळ ४९५ डिग्रीला नेतो, सोबत वाफ सोडतो म्हणजे ते ट्यूबमधी रेंगाळत नाही, अन थेट ड्रममधी ओततो. ड्रम म्हणजे ८-९ मीटर रुंद, ३० मीटरच्या वर उंच, तुमच्या गावातल्या पाण्याच्या टाकीपेक्षा उंच असंल. फुटायचं काम ट्यूबमधी न होता उशिरा ड्रममधी होतं म्हणून त्याला डिलेड कोकर म्हणतात. हलका माल वाफ होऊन वरून निघून जातो अन ड्रममधी साचत जाते खरवड. दूध आटवताना पातेल्याच्या बुडाला लागते ना, तशी, फक्त इथं शेकडो टन. तोच पेटकोक. एक ड्रम भरत असतो तेव्हा दुसरा थंड करून रिकामा करायचा, साधारण १६ ते २४ तासाचं चक्र. आधी वाफ मारायची, मग पाणी, मग वरचं अन खालचं झाकण उघडायचं, अन वरून चौरस सेंटीमीटरला २०० किलोच्या वर प्रेशरच्या पाण्याच्या धारेने मधी भोक पाडून सगळा कोक कापून खाली पाडायचा. ह्याला कोक कटिंग म्हणतात. माझे आईवडील दोघं १५-१६ सीझन ऊसतोडीला होते. मी पहिल्यांदा कटिंगवर उभा राहिलो त्या रात्री फोनवर आईला सांगितलं की मी पण तोडणीच करायलोय, तर ती म्हणली कोयता तरी नाही ना हातात.

१०० टन व्हीआर टाकला तर फीड कसा आहे त्यावर असतं पण अंदाजे २५-३० टन कोक, १० टनाच्या आसपास गॅस अन एलपीजी, १२-१५ टन नॅफ्था अन बाकी अर्धा गॅसऑइल. नॅफ्था म्हणजे पेट्रोलचा कच्चा माल समजा. तो तसाच गाडीत चालत नाही, ऑक्टेन (इंजिनात ठोका न देता जळायचं माप) कमी, गंधक जास्त, अन ठेवला तर त्यात डिंकासारखा चिकट गोळा होतो. आधी हायड्रोट्रीटरला हायड्रोजनने गंधक काढून धुवायचा मग रिफॉर्मरला ऑक्टेन वाढवायचा.

पुढचं कुणी एफसीसीवाला (म्हणजे तेल फोडून पेट्रोल करायच्या युनिटवाला) असंल तर सांगंल, खरं पेट्रोल तिथं होतं.

रस्ता_सुपरवायझर

मी हिंगोली नांदेड साइडला डांबरीकरणाच्या कामावर असतो. एक विचारायचं होतं. आमच्याकडं सगळे म्हणतात की आता रिफायनरीवाले डांबरातलं सगळं तेल पिळून घ्यायलेत म्हणून डांबर कोरडं यायलंय अन रस्ता दोन पावसात उखडायलाय. हे खरं का?

केजचा_ऑपरेटर

दादा, जो व्हीआर कोकरला जातो त्याचं डांबर होतच नाही, त्याचा कोक होतो. अन ज्याचं डांबर करायचं त्याला कोकरला पाठवत नाहीत. एकाच मालाला दोन गिऱ्हाईक असं समजा. त्यामुळं कोकर असलेल्या रिफायनरीत डांबर कमी बनतं एवढं खरं, अन देशाला बाहेरून पण आणावं लागतं. पण पिळून घेतलेलं डांबर असा काही प्रकार नसतो, डांबराला ग्रेड असते अन तपासून द्यावी लागते.

औरंगपुऱ्यातले_काका

सुपरवायझरसाहेब, त्यात थोडी भर घालतो. रस्त्याच्या डांबराची ग्रेड व्हीजी-३०, त्यातले व्ही अन जी म्हणजे व्हिस्कॉसिटी ग्रेड, ६० डिग्रीला त्याचा घट्टपणा २४०० ते ३६०० पॉइज (घट्टपणाचं माप) पाहिजे. प्रत्येक क्रूडचं चांगलं डांबर होत नाही, मेणकट क्रूडचं तर होतच नाही, म्हणून निवडक क्रूडचं करतात, कमी पडलं तर गरम हवा फुंकून घट्टपणा आणतात. साइटवर मात्र एक बघत जा, प्लँटवर डांबर १६५ डिग्रीच्या वर तापवत ठेवलं, पुन्हा पुन्हा तापवलं, की त्यातला हलका भाग उडतो, हवेने ते जुनं होतं अन खरंच कोरडं पडतं. टाकीवरचा थर्मामीटर चालू आहे का तेवढं तपासा. बऱ्याच ठिकाणी मी बंद पाहिलेला आहे, अन मग दोष लांबच्या माणसाला जातो.

आता सरांच्या प्रश्नाकडे येतो. मी ३१ वर्षं मुंबईत रिफायनरीत होतो, त्यातली बहुतेक एफसीसीवर, आता इथं संभाजीनगरला असतो. केजच्या भाऊंनी दोन रस्ते फार चांगले सांगितले. एफसीसी हा पण कार्बन काढायचाच रस्ता आहे पण हुशारीचा.

आधी नुसत्या उष्णतेने फोडायचे. अमेरिकेत विल्यम बर्टन यांनी १९१३ साली त्याचं पेटंट घेतलं, तेव्हा फोर्डच्या मोटारी वाढत होत्या अन नुसत्या उकळून निघणाऱ्या पेट्रोलवर भागत नव्हतं. पुढं यूजीन हूड्री या फ्रेंच इंजिनिअरने मातीसारखा कॅटॅलिस्ट (स्वतः न संपता तेल फोडायला मदत करणारा पदार्थ) वापरून १९३०च्या दशकात जास्त ऑक्टेनचं पेट्रोल काढून दाखवलं. त्याची अडचण एकच, कॅटॅलिस्टवर दहापंधरा मिनिटात कोक बसायचा अन थांबून जाळावा लागायचा. मग युद्धाच्या काळात १९४२ साली बॅटन रूजला पहिलं फ्लुइड युनिट चालू झालं. त्यात कॅटॅलिस्टची पूड पिठासारखी बारीक, हवेवर अन वाफेवर पाण्यासारखी वाहते. एका पाइपात ५२०-५४० डिग्रीला तेलाला भेटते, दोन-तीन सेकंदात तेल फुटतं, पूड काळी होऊन बाजूच्या भांड्यात जाते, तिथं ७०० डिग्रीला हवेने तिच्यावरचा कोक जाळतात, पूड पुन्हा स्वच्छ अन तापलेली, परत तेलाकडे. ह्या जळण्याच्या उष्णतेवरच पुढचं तेल फुटतं. मला नोकरीच्या पहिल्या वर्षी हे समजलं तेव्हा दोन दिवस झोप लागली नव्हती, एवढं ते सुंदर वाटलं होतं. आपलीच खरवड जाळून आपलाच स्वयंपाक.

१०० टन व्हॅक्यूम गॅसऑइलला ४५-५० टन पेट्रोल निघतं, ऑक्टेन पण ९० च्या वर. कोकरचं जड गॅसऑइल पण इथंच येतं नाहीतर हायड्रोक्रॅकरला (हायड्रोजन घालून फोडायचं युनिट) जातं. म्हणजे मुलीला सांगा, डांबर ते पेट्रोल हा प्रवास एका भांड्यात होत नाही, तीनचार भांड्यांत होतो.

मग व्हीआर सरळ एफसीसीत का नाही टाकत? टाकतात, त्याला रेसिड एफसीसी म्हणतात, पण दोन शत्रू असतात. एक, खरवड एवढी बसते की जाळताना उष्णता आवरत नाही, मग भांड्याला पाण्याचे कूलर लावून वाफ काढावी लागते. दोन, धातू. निकेल पेट्रोलच्या ऐवजी कोक अन गॅस करायला लावतं, अन व्हॅनेडियम तर कॅटॅलिस्टमधलं झिओलाइट, म्हणजे फोडायचं खरं काम करणारा भागच मोडून टाकतं. मग रोज टनावारी नवी पूड टाकायची अन जुनी काढायची. आपल्या इंडियन ऑइलच्या फरिदाबादच्या संशोधन केंद्राने ह्याच जातीचं इंडमॅक्स नावाचं तंत्र काढलं, २००३ मधे गुवाहाटीला छोटं युनिट चाललं, नंतर पारादीपला वर्षाला ४१.७ लाख टनांचं बांधलं. त्यात एलपीजी अन प्रोपिलीन (प्लास्टिकचा कच्चा माल) जास्त निघतं, सोबत चांगल्या ऑक्टेनचं पेट्रोल. आपल्या माणसांनी केलेलं आहे, हे वर्गात जरूर सांगा.

बी_हेवी

लातूरकडच्या साखर कारखान्यात डिस्टिलरीला केमिस्ट आहे. वाचताना लई मजा आली कारण आमचं पण गणित उरलेल्या मालाचंच असतंय. पॅनमधी साखर बसवली की पहिली मळी ए, परत उकळून बी, परत उकळून सी, अन सी हेवीतून साखर निघंना झाली की ती डिस्टिलरीला. २०१८ पासून बी हेवीवरच थांबून इथेनॉल करायला परवानगी मिळाली, म्हणजे थोडी साखर सोडायची अन इथेनॉल जास्त घ्यायचं.

पण केजवाले म्हणाले तो फरक बरोबर हाय, सी हेवीत साखर असती, निम्म्याच्या आसपास असती, फक्त दाणा धरत नाही, अन यीस्टला दाण्याशी देणंघेणं नाही. व्हीआरमधी पेट्रोल नसतंच. त्यामुळं वर्गात मळीचं उदाहरण देणार असाल सर तर अर्ध्यावर थांबा, नाहीतर पोरं परत तिथंच येतील की उकळा अजून.

आमचा संबंध असा की इथेनॉलचा ऑक्टेन १०८ च्या आसपास धरतात. ई२० पेट्रोलमधी २० टक्के आमचा माल गेला की रिफायनरीला मूळ पेट्रोल थोडं कमी ऑक्टेनचं असलं तरी चालत असंल ना काका?

औरंगपुऱ्यातले_काका

हो, अगदी. रिफॉर्मरला तेवढं ताणावं लागत नाही. मात्र तुमचं इथेनॉल मिसळलं की वाफ होण्याचा दाब वाढतो, म्हणून ब्यूटेनसारखा हलका भाग कमी घालावा लागतो. अन गंधक १० पीपीएमच्या (दहा लाखात १० भाग) आतच पाहिजे, १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराचा बीएस-६ नियम आला तेव्हापासून. त्याआधी ५० चालायचं. एफसीसीच्या पेट्रोलमधलं गंधक काढताना ऑक्टेन पडतो, त्या पडलेल्या ऑक्टेनला तुमचा आधार होतो.

जिंतूरचे_सर

सगळ्यांचे मनापासून आभार. मी दोनदा वाचलं अन वहीत उतरवून घेतलं. दुसरा रस्ता राहिला, हायड्रोजन घालायचा. तो कुठून आणतात? अन तो चांगला असंल तर सगळे तोच का घेत नाहीत, कोक करून एवढा माल वाया का घालवतात?

केजचा_ऑपरेटर

वाया नाही जात सर, पेटकोक सिमेंटच्या भट्टीत जातो. त्यातलं गंधक तिथं चुनखडीत अडकतं म्हणून सिमेंटवाल्याला चालतो. पण पेट्रोलच्या भावापुढं कोकचा भाव काहीच नाही, हे खरं.

हायड्रोजन मुख्यतः नैसर्गिक वायू अन वाफ एकत्र तापवून करतात. १ किलो हायड्रोजनमागं ९-१० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे कार्बन इथून नाही तर तिथून बाहेर पडतोच. थोडा हायड्रोजन रिफॉर्मरमधून फुकट मिळतो पण तो पुरत नाही. अन व्हीआरमधी हायड्रोजन घालायचा म्हणजे ४०० डिग्रीच्या वर अन हवेच्या दीडशे-दोनशे पट दाबाखाली. तेवढ्या दाबाचं जाड भांडं, कॉम्प्रेसर, सगळा खर्चच वेगळा. आमचा ड्रम ह्याच्यापुढं गरीबाघरचा, २-३ किलोच्या दाबावर चालतो.

शिवाय कोक केला की सगळी घाण कोकमधी जाऊन बसते, निकेल व्हॅनेडियम सगळं. हायड्रोजनच्या रस्त्यात ती घाण कॅटॅलिस्टवर बसते. म्हणून तिथं कॅटॅलिस्ट एका जागी न ठेवता तेलात उकळत्या भातासारखा हलता ठेवतात अन चालू युनिटमधूनच जुना काढून नवा टाकतात. विशाखापट्टणमला वर्षाला ३५.५ लाख टनांचं असं युनिट आहे, एलसी-मॅक्स तंत्राचं, त्यात तळाचा बहुतेक माल हलका होतो.

कोणता रस्ता घ्यायचा ते क्रूडवर अन गिऱ्हाइकावर. मेक्सिकोचं माया, व्हेनेझुएलाचं मेरे असलं जड क्रूड स्वस्तात मिळतं पण खाली व्हीआरचा ढीग पडतो, तो जिरवायला कोकर असंल तरच घेता येतं. जामनगरची रिफायनरी १९९९ ला चालू झाली ती मोठा कोकर घेऊनच. अन आपल्या देशात डिझेल पेट्रोलच्या दुपटीहून जास्त खपतं, ट्रॅक्टर, ट्रक, एसटी, म्हणून इथं डिझेल देणाऱ्या हायड्रोक्रॅकरवर जोर जास्त, अमेरिकेत पेट्रोलच्या गाड्या म्हणून तिथं एफसीसी जास्त.

एक सांगायचं राहिलं. हे सगळं वाचून सोपं वाटतंय पण तसं नाही. मी फील्डला असताना एकदा ड्रम भरता भरता आत फेस चढला. फेस वर आला की वाफेच्या लाइनमधून तो पुढच्या टॉवरमधी जातो अन तिथं कोक बसतो. अँटिफोम वेळेवर मारला नव्हता, लेव्हल दाखवणारा काटा अडकलेला होता हे आधीच्या शिफ्टला माहीत होतं पण लॉगबुकात लिहिलेलं नव्हतं. १९ दिवस युनिट बंद. कुणाला इजा नाही झाली, पण ती रात्र मी विसरलो नाही, अन आता माझ्या हाताखाली नवं पोरगं आलं की आधी लॉगबुक लिहायला शिकवतो, बाकी नंतर. अन तो अँटिफोम पण जपून मारावा लागतो, त्यातलं सिलिकॉन नॅफ्थ्यासोबत जाऊन पुढच्या युनिटचा कॅटॅलिस्ट मारतं.

सर, वर्गात एक दाखवा. परीक्षानळीत चमचाभर साखर घ्या अन चिमट्याने धरून स्पिरिटच्या दिव्यावर तापवा, तोंड पोरांकडं करू नका. आधी वितळंल, मग वर नळीच्या भिंतीला थेंब धरतील, अन खाली काळा कोळसा राहील. साखर पांढरी होती, कोळसा आला कुठून विचारा. हलकं वर गेलं, कार्बन खाली राहिला. माझा ड्रम तेच करतो.

रस्ता_सुपरवायझर

काका, आज प्लँटवर पाहिलं. थर्मामीटर खरंच बंद होता. सांगितलंय, उद्या बदलतो म्हणले. मी उद्या परत बघतो.

बी_हेवी

शेतकरी असणाऱ्यांसाठी एक, व्हीआर अन बाकी मालातून जे गंधक निघतं ते रिफायनरीत पिवळं घट्ट करून विकतात. सोयाबीनला आपण गंधकाचं खत टाकतो त्यातलं बरंच तिथूनच आलेलं असतंय. माझ्या वडलांना सांगितलं तर खरं वाटंना.

जिंतूरचे_सर

काल वर्गात केलं. आधी त्या पोरीला उभं केलं अन सांगितलं की तुझा प्रश्न बरोबर होता, मी घाईत उत्तर दिलं. मग साखर तापवली. कोळसा झाल्यावर सगळी पोरं नळीवर वाकली. हायड्रोजनचा हिशोब फळ्यावर मांडला, १० अन १३, तो त्यांना लगेच समजला, वजाबाकीच तर आहे.

पोरगी तासाच्या शेवटी परत उठली. म्हणली सर, त्या कोळशातच हायड्रोजन का नाही घालत, मग त्याचं पण पेट्रोल होईल. ह्यावेळी मी म्हणलं विचारून सांगतो.

केजचा_ऑपरेटर

सर, तिला सांगा की कोकमधी पाणी घालतात. खरंच. कोक थोड्या ऑक्सिजनमधी अर्धवट जाळतात अन वाफ सोडतात, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड अन हायड्रोजनचा वायू होतो, अन तो हायड्रोजन पाण्यातला. जामनगरला पेटकोकचे असे गॅसिफायर आहेत. त्या वायूपासून पुढं द्रव इंधन पण करता येतं, रसायनशास्त्राला अडचण नाही, फक्त खर्च अन कार्बन डायऑक्साइड दोन्ही लई वाढतात म्हणून कोकपासून पेट्रोल करायच्या फंदात सहसा पडत नाहीत, हायड्रोजनच काढून घेतात अन तो व्हीआरच्या दुसऱ्या रस्त्याला वापरता येतो.

दिवाळीला मी केजला येतोय, ४ दिवस आहे. शाळा चालू असंल तर जिंतूरला येऊन जातो, कोकचा एक खडा आणतो पोरांना हातात घेऊन बघायला.